बाण उशिरा येतो की भलतीकडे?

मालवणात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या माणसाच्या कुठल्याही अडचणीवर एक उत्तर आधीच तयार असतं: ‘तुझं नेट बघ.’ फाइल उघडत नाही, नेट बघ. मीटिंगमध्ये आवाज तुटला, नेट बघ. अगदीच खोटं आहे असंही नाही. मे 2021मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा जिल्हाभर विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत दिवसच्या दिवस लाइट नव्हती. रेंजचं तर नावच नको. त्यानंतर आमच्या वायरी गावातल्या घरी इन्व्हर्टर आला, फायबरची लाइन आली आणि ती गेलीच तर हाताशी असावं म्हणून एक जादा सिमही आलं. पण गावाच्या नावापुढे एकदा ‘नेट खराब’ असा शेरा पडला की असल्या तयारीची कोणी दखल घेत नाही. तो शेरा कसा पुसायचा, हे मला माउसच्या बाणामुळे कळलं.

माझं काम हिशेबाच्या सॉफ्टवेअरची चाचणी घेण्याचं. त्यासाठी वेगवेगळ्या विंडोज लागतात: जुन्या, नव्या, मराठी कीबोर्डच्या, आधीचं काहीच नसलेल्या कोऱ्या. इतके लॅपटॉप कोण देणार? म्हणून मुंबईच्या एका डेटा सेंटरमधल्या मोठ्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशिन तयार केलेली असतात. एकाच लोखंडी पेटीत अनेक कॉम्प्युटर नांदतात आणि त्यातला प्रत्येक जण स्वतःला स्वतंत्र समजतो. त्याला दिलेली डिस्क, नेटवर्क कार्ड आणि माउस हे सगळं सॉफ्टवेअरने वठवलेलं सोंग असतं.

एरवी मी या मशिनमध्ये रिमोट डेस्कटॉपने शिरते. पण तो रस्ता मशिनच्या आतल्या नेटवर्कवरून जातो आणि एका पावसाळ्यात माझ्या वाट्याला आलेल्या नव्या मशिनमध्ये नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरच नव्हता. अशा वेळी उरतो तो कन्सोल. म्हणजे सर्व्हर त्या मशिनचा पडदा थेट ब्राउझरच्या खिडकीत दाखवतो आणि आपण तिथून कळा दाबायच्या. मी कन्सोल उघडला, तर पडद्यावर दोन बाण. एक माझ्या लॅपटॉपचा, दुसरा पलीकडच्या विंडोजचा. सुरुवातीला जवळजवळ होते. ड्रायव्हरच्या खिडकीतलं ‘नेक्स्ट’ दाबायला हात पुढे नेला, तशी त्यांची फाटाफूट झाली. माझा बाण बटणावर, पलीकडचा चार बोटं लांब, ‘कॅन्सल’च्या डोक्यावर. आणि क्लिक पलीकडच्याचीच धरली जाते.

बाबा पडवीतून आत आले, पडद्याकडे बघून म्हणाले, “बाय, हवा खराब आसा. नेटाचोच घोळ असतलो.” पुण्याला सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, “अगं, तिकडे पाऊस असेल ना? नेट बघ एकदा.” बाबांचं आणि पुण्याचं असं एकमत क्वचित होतं.

मला ते पटत नव्हतं. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत त्याच सर्व्हरवरचं दुसरं मशिन रिमोट डेस्कटॉपने उघडं होतं आणि तिथे बाण शहाण्यासारखा वागत होता. लाइन एकच, पाऊस एकच. शिवाय अंतराचा हिशेब घ्या. मालवण ते मुंबई रस्त्याने साधारण 500 किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन परत यायला पाच मिलिसेकंद. वाटेतले राउटर, वळसे, गर्दी धरून हा आकडा कितीतरी पट वाढला, तरी हाती येतो तो फक्त उशीर. आणि उशीर झालेला बाण शेवटी पोचतो. म्हणून मी हात थांबवला. माउसवरून बोटं उचलली आणि नुसतं बघत बसले. नेटचा दोष असता, तर मागे राहिलेल्या बाणाने थोड्या वेळात दुसऱ्याला गाठायला हवं होतं. पलीकडचा बाण होता तिथेच राहिला, चार बोटं लांब.

मग माउस सावकाश हलवून पाहिला. अंतर थोडं वाढलं. झटक्यात हलवला, तर दोन बाणांमध्ये वीतभर जागा. झटक्यात वरच्या डाव्या कोपऱ्यात नेला, तेव्हा पलीकडचा बाण पडद्याच्या काठावर आपटून थांबला, माझाही तिथे पोचला आणि दोघं एकत्र झाले. कोपऱ्यातून निघाले की पुन्हा फारकत. वेगाबरोबर वाढणारी आणि भिंतीला टेकल्यावर मिटणारी ही चूक नेटची असूच शकत नव्हती.

माउस कॉम्प्युटरला ‘मी अमुक जागी आहे’ असं कधीच सांगत नाही. तो म्हणतो, मघापेक्षा इतका उजवीकडे, इतका खाली. बाकीचं विंडोज ठरवते आणि ठरवताना स्वतःची अक्कल चालवते: हात जोरात फिरला तर बाण आणखी लांब न्यायचा, हळू फिरला तर थोडाच. समोर एकच बाण असताना हे सोयीचं असतं, कारण डोळा चूक लगेच भरून काढतो. कन्सोलमध्ये मात्र माझ्या लॅपटॉपने एकदा वेग लावून बाण नेलेला असतो. ती हालचाल सर्व्हर पलीकडे पोचवतो आणि तिथली विंडोज तिच्यावर पुन्हा आपला वेग चढवते. होडीवाला नुसते वल्ह्याचे फटके मोजत सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघाला, तर प्रवाहाने थोडा थोडा करत कुठल्या कुठे जाईल. खूण धरून निघाला तर फटके कमीजास्त झाले तरी धक्क्यालाच लागेल. आमच्या मशिनला खूण नव्हती, नुसते फटके होते.

यावरचा इलाज जुना आहे. क्यूईएमयू या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मशिनला माउसऐवजी ‘यूएसबी टॅबलेट’ जोडता येतो. अर्थात हेही सोंगच. चित्रकार वापरतात तशी पाटी जोडली आहे असं विंडोजला भासवायचं. पाटी हालचाल सांगत नाही, जागा सांगते: रुंदीच्या इतक्या भागावर, उंचीच्या इतक्या भागावर. जागाच कळल्यावर वेग चढवायला काही उरत नाही.

पण तो जोडणं सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या हातात. तोवर काम अडू द्यायचं नव्हतं. कन्सोलच्या कडेला कळांची एक पट्टी असते, त्यात विंडोजची कळ सापडली. ती आणि ‘आर’ दाबून ‘मेन डॉट सीपीएल’ असं टाइप केलं की माउसची सेटिंग उघडतात. टॅब दाबत दाबत ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढली, वेगाची पट्टी बरोबर मध्यावर आणली. बाण जुळले नाहीत, पण बरेच जवळ आले. ड्रायव्हर पूर्ण कीबोर्डवरच बसवला. ‘ऑल्ट’बरोबर अधोरेखित अक्षर, टॅब, स्पेस, एंटर. माउस नसलेल्या काळातली माणसं कशी काम करत असतील, याची झलक मिळाली.

मग पुण्याला पुन्हा फोन. या वेळी मी ‘माउस चालत नाही’ म्हटलं नाही. म्हटलं, “हात थांबवला तरी बाण जागेवर येत नाही. वेगात नेला तर जास्त चुकतो. कोपऱ्यात नेला की जुळतो. दुसरं मशिन याच लाइनवर ठीक आहे.” पलीकडे थोडा वेळ कळांचा आवाज आला. मग तो म्हणाला, “टॅबलेट बंद आहे गं याचा.” ज्या साच्यावरून नवी मशिन काढतात, त्यातच तो कधीतरी बंद केलेला होता. त्यालाही कारण होतं. या टॅबलेटची सतत विचारपूस करण्यात सर्व्हरचा थोडा वेळ जातो. एका सर्व्हरवर अनेक मशिन असतील आणि त्यांचा पडदा कोणी बघतच नसेल, तर ती उधळपट्टी टाळतात. त्याने टॅबलेट चालू केला. आमच्या मांडणीत आतून रीस्टार्ट देऊन भागत नव्हतं. मशिन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागलं. नंतर कन्सोल उघडला, तर बाण एकावर एक, एकजीव.

त्या रात्री माउसचा इतिहास चाळताना एक गंमत कळली. डग्लस एंगलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस पहिल्यांदा लोकांपुढे आणला, तेव्हा त्यांचा कॉम्प्युटर सभागृहात नव्हताच. तो साधारण 50 किलोमीटरवर मेन्लो पार्कला होता आणि पडद्यावरचं चित्र मायक्रोवेव्हच्या लहरींवरून येत होतं. म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर बाण फिरवणं हे माउसचं उशिरा सुचलेलं काम नाही. लोकांसमोर आला तोच असा.

या प्रकरणानंतर बाणाच्या तक्रारी सहकारी माझ्याकडे पाठवू लागले. एकाचा बाण डावीकडे वर बरोबर आणि उजवीकडे खाली जाताना अधिकाधिक चुकणारा. हा पडद्याच्या स्केलिंगचा दोष. दीडशे टक्के मोठा केलेला पडदा आणि पलीकडचं मूळ माप यांचा मेळ बसत नव्हता. दुसरीचा बाण सगळीकडे सारखाच चुकत होता. तिथे ब्राउझर झूम केलेला निघाला. ‘कंट्रोल’ आणि शून्य दाबलं, काम झालं. तिसऱ्याचा बाण लिहायच्या चौकटीवर गेला की गायब. तो असतोच, फक्त पांढऱ्यावर दिसत नाही; बाणांच्या संचात ‘विंडोज ब्लॅक’ निवडलं की दिसू लागतो. ज्या मशिनला माउस जोडलेलाच नाही, तिथे विंडोज कधीकधी बाण काढतच नाही. ‘माउस कीज’ची सोय चालू केली की तो उगवतो. आणि कन्सोलच्या खिडकीत अडकून बाहेरच न येणारा बाण सोडवायची कळ ज्या त्या सॉफ्टवेअरची वेगळी: व्हीएमवेअरला ‘कंट्रोल-ऑल्ट’, व्हर्च्युअलबॉक्सला उजवीकडची ‘कंट्रोल’.

यातला एकही दोष राउटर बंद-चालू करून गेला नसता. नेटचा दोषही येतो, नाही असं नाही. पण त्याची ओळख ठरलेली आहे: बाण अडखळतो, उशीर करतो, आणि अखेर बरोबर जागी येतो. चुकीच्या जागी ठाम उभा राहिलेला बाण हा वाटेचा नव्हे, दोन टोकांमधल्या कुणाचा तरी दोष.

ही सगळी लक्षणं मी अर्ध्या पानावर उतरवून पुण्याला पाठवली. सर्व्हरवाल्यांनी साच्यातला टॅबलेट चालू करून ठेवला आणि तक्रारीचा फॉर्मही बदलला. आधी त्यात पहिला रकाना ‘तुम्ही कुठून काम करता?’ असा होता. आता पहिला प्रश्न आहे, ‘हात थांबवल्यावर बाण जागेवर येतो का?’ पुढचे तीन कोपरा, वेग आणि दुसऱ्या मशिनबद्दल आहेत. गावाचा रकाना त्यांनी काढून टाकला.