दारावर जाण्याआधी

पारोळ्यात कुणी गेलं की निरोप धाडावा लागत नाही. बाजारपेठेत, किल्ल्याच्या खंदकाशेजारच्या चहाच्या टपरीवर, बोरी नदीच्या पुलावर बातमी आपसूक फिरते. दुपारपर्यंत तामसवाडी, बहादरपूर, अमळनेर, धुळे इथून गाड्या यायला लागतात. 'दारावर जायचंय' एवढं म्हटलं की पुरतं. कापसाची वेचणी थांबते, दुकानाचं शटर अर्धं खाली येतं, ऐन लग्नसराईत अडकलेला माणूसही घटकाभर वेळ काढतो. अंगणात सतरंजी टाकलेली असते. तिच्यावर गप्प बसायचं, कुणी बोललं तर मान हलवायची, उठताना घरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. निधनवार्तेत द्वारदर्शनाची वेळ आणि गंधमुक्तीची तारीख छापलेली असते. खानदेशी माणूस दुःखाच्या दारावर जायला चुकत नाही. या रीतीचं मोल मला ठाऊक आहे. वडील गेले तेव्हा त्या सतरंजीवर बसलेल्या माणसांनीच आम्हाला सावरलं.

पण त्याच घरात, त्या सतरंजीच्या आधी, मधल्या खोलीत एक खाट असते. खाटेवर मुंबईहून किंवा नाशिकहून 'आता घरी घेऊन जा' असं सांगून परत पाठवलेलं माणूस असतं. घरी आणल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत कधी दोन आठवडे जातात, कधी तीन महिने. या काळात दारावरची वर्दळ हळूहळू आटते. सुरुवातीला सफरचंदं घेऊन लोक येतात, 'काही होत नाही, बरं वाटेल' म्हणतात, आणि मग येईनासे होतात. काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून येत नाहीत. मेलेल्या माणसाच्या दारावर कसं जायचं हे आमच्या गावाला पिढ्यानपिढ्या माहीत आहे. मरणाऱ्या माणसाजवळ कसं बसायचं, हे मात्र विसरत चाललं आहे.

मोठ्या मायच्या वेळी मी हे जवळून पाहिलं. मोठी माय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आयुष्यभर मिश्री लावली, पुढे गालाच्या आतल्या बाजूला गाठ आली. परळच्या कर्करोग रुग्णालयाच्या वाऱ्या झाल्या. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणं झालं. तिथे जळगाव-धुळ्याकडचं कुणी ना कुणी भेटायचंच, आणि अहिराणी कानावर पडली की तिला निम्मं बरं वाटायचं. शेवटी डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं, आणि आम्ही तिला घरी आणलं. घरात ठरलं, तिला काही सांगायचं नाही. जो येईल त्याला दारातच बजावलं जायचं, "तिला माहीत नाही बरं का." मग आत येणारा प्रत्येक जण चेहरा हसरा करून यायचा. मोठी माय त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे बघत राहायची. जिला सगळं कळलं होतं, तिच्याभोवती सगळं घर नाटक करत होतं, आणि आमची समजूत राखायला तीही त्या नाटकात सामील झाली होती. एवढं एकटेपण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

त्या दिवसांत गल्लीतले आप्पा यायला लागले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, भजनी मंडळात टाळ धरणारे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. गावात कुणी अंथरुणाला खिळलं की आप्पा जातात, हे जुन्या लोकांना माहीत होतं. नव्या लोकांना वाटायचं, म्हातारा रिकामा आहे म्हणून येतो. आप्पा चप्पल उंबऱ्याबाहेर काढायचे, खुर्ची नाकारायचे आणि खाटेजवळ जमिनीवर बसायचे. त्यामुळे त्यांचं तोंड मोठ्या मायच्या तोंडाच्या पातळीला यायचं. "कसं वाटतंय?" हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारायचे ते कळण्याच्या भाकरीबद्दल, तिच्या माहेरच्या दादर ज्वारीच्या शेताबद्दल, बालाजीचा रथ निघाला की तिच्या लहानपणी ती कुठे उभी राहून बघायची त्याबद्दल. बराच वेळ तर काहीच विचारायचे नाहीत. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून तिच्या ओठांवर फिरवायचे आणि बसून राहायचे.

पहिले काही दिवस त्या बसण्याचाही उपयोग नव्हता. दुखणं इतकं होतं की तिला समोरचं माणूस दिसत नव्हतं. हे सांगणं मला फार गरजेचं वाटतं, कारण आपल्याकडे देवाचं नाव घेतलं की दुखणं विसरतं असं म्हणण्याची सवय आहे. जबड्यातली ती कळ नामस्मरणाने जात नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. 'त्या दिल्या म्हणजे शेवट आला, शिवाय सवय लागते' या भीतीने घरच्यांनी त्या कपाटात ठेवून दिल्या होत्या. गावातल्या आमच्या डॉक्टरांनी बसून समजावलं. गोळी वेळेवर, घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. दोन-तीन दिवसांत मोठी माय शांत झोपली, उठली, आणि आप्पांना म्हणाली, "आप्पा, मनं आते काई खरं नही ना?"

खोलीत आम्ही सगळे होतो. प्रत्येकाच्या ओठांवर 'असं काय बोलतेस' हे वाक्य तयार होतं. आप्पांनी हाताने आम्हाला थांबवलं आणि तिला विचारलं, "तुले काय वाटस?"

मग ती बोलायला लागली. आप्पांनी आम्हाला बाहेर जायला खुणावलं, पण मधल्या खोलीचं दार कधी बंद होत नाही, त्यामुळे ओसरीवर ऐकू येत होतं. तिला मरणाची भीती फारशी नव्हती. तिला सलत होता धाकटा भाऊ. वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर तिने वेळेवर सही केली नाही, त्यावरून बोलणं तुटलं होतं. पुढे तिने सही करून दिली, तरी आखाजीला तिला माहेरी न्यायला कुणी आलं नाही. खानदेशात आखाजीला लेक माहेरी जाते, झोका खेळते, आमरसाचं जेवण होतं. म्हातारी झाली तरी ती लेकच असते. किती आखाज्या ती गल्लीतल्या पोरींचे झोके बघत ओट्यावर बसली असेल, हे आमच्यापैकी कुणालाच कधी जाणवलं नव्हतं.

आप्पा दुसऱ्या दिवशी एसटीने तिच्या माहेरच्या गावी गेले. तिथे काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. भाऊ आला तो काखेत पिशवी घेऊन. आमच्याकडे बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते एरवी ती गेल्यावर येतं, तिला दिसत नाही. भावाने ते जिवंतपणी आणलं होतं. तो ते पिशवीतून काढायला धजत नव्हता. मोठ्या मायने स्वतःच हात पुढे केला, पोत चाचपून पाहिला, काठ डोळ्यांजवळ धरला. भाऊ पायाशी बसून रडत होता आणि ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. त्यानंतर काही दिवसांनी ती गेली. जाताना तिला जमिनीवर घेतलं, तोंडात तुळशीचं पान आणि गंगाजल घातलं, जे रीतीने करायचं ते सगळं केलं. पण माझ्या मते तिचा खरा विधी त्या दुपारीच झाला होता.

आप्पा जे करत होते, ते जगात इतरत्र पगारी काम आहे, हे मला नंतर कळलं. लंडनमध्ये सिसिली साँडर्स या बाईंनी 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारं घर, उघडलं. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात तिथून मानतात. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि मरणाऱ्या रुग्णांच्या वेदनेसाठी काही करायचं तर डॉक्टर व्हायला हवं म्हणून वयाच्या तिशीनंतर वैद्यकी शिकल्या. त्यांना ही वाट दाखवली एका रुग्णाने. डेव्हिड टास्मा हे वॉर्साहून आलेले ज्यू गृहस्थ, लंडनमध्ये नातेवाईक नाही, वय चाळीसच्या आसपास. 1948 साली कर्करोगाने मरताना त्यांनी साँडर्स यांच्या भावी घरात आपली एक खिडकी असावी म्हणून 500 पौंड ठेवले. ते घर उभं राहायला पुढे एकोणीस वर्षं लागली. साँडर्स यांनी मांडलं की मरणाऱ्याचं दुखणं एकपदरी नसतं. शरीराचं असतं, मनाचं असतं, घरादाराचं आणि पैशाअडक्याचं असतं, आणि 'माझ्या जगण्याचा अर्थ काय' हेही असतं. म्हणून हॉस्पिसमध्ये डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोडीला चॅप्लेन असतो. पूर्वी तो ख्रिस्ती पाद्रीच असे. आता इंग्लंडात हिंदू, मुस्लिम, शीख आणि कुठलाच धर्म न मानणारेही हे काम करतात. त्याने उपदेश करायचा नाही, आपला देव दुसऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवायचा नाही. ऐकायचं, आणि जे राहून गेलंय ते पुरं व्हायला मदत करायची.

आप्पांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांनी ते कसोशीने पाळलं. गल्लीच्या टोकाला त्यांचे एक मुसलमान दोस्त होते, बरोबरीने शाळा शिकलेले. ते आजारी पडले तेव्हा मौलवी येऊन यासीन पढत आणि आप्पा ओट्यावर थांबत. पढणं संपलं की आत जाऊन दोस्ताचा हात हातात घेऊन बसत. तिथे त्यांनी हरिपाठाचं पुस्तक कधी नेलं नाही. जैनांच्या घरी नवकार मंत्र चालू असला तर हात जोडून ऐकत. कुणाच्या उशाशी काय चालावं हे त्या माणसाने ठरवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस महाराष्ट्रातच सुरू झालं. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीजवळचं शांती आवेदना सदन, 1986 सालचं, डॉ. एल. जे. डिसूझा यांनी उभारलेलं. तिथे धर्मभगिनी सर्व धर्मांच्या रुग्णांची सेवा करतात, पैसे घेत नाहीत. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. पण पारोळ्याच्या म्हातारीने मरायला वांद्र्याला का जावं? तिला तिचंच घर हवं असतं. उत्तर मला केरळात दिसतं. कोझिकोडला 1993 साली डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केलं. पुढे तिथे गल्लीगल्लीतले साधे लोक, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी थोडं प्रशिक्षण घेऊन आजाऱ्यांच्या घरी जायला लागले. डॉक्टर आणि परिचारिका औषध बघतात, शेजारी बसायचं काम बघतात. 2008 साली त्या राज्याने यासाठी धोरणच केलं. आपल्याकडे अशी माणसं आधीपासून आहेत. प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे, महिलांचे बचत गट आहेत, आशाताई घरोघरी जातात. मॉर्फिनवरचे कायद्याचे जाचक निर्बंध 2014 च्या दुरुस्तीने सैल झाले आहेत. उणीव आहे ती ही माणसं आणि हे औषध एकत्र आणणाऱ्या माणसाची.

मरणाला सामोरं कसं जावं यावर खानदेशाने फार पूर्वी विचार केलेला आहे, तोही तुरुंगात. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. त्यातलं आठवं प्रवचन प्रयाणसाधनेवर आहे. शेवटच्या क्षणी मनात जे येतं ते आयुष्यभर मनाला लागलेल्या सवयीतून येतं, असा त्यातला विचार आहे. विनोबांनी स्वतः 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध सोडून देह ठेवला. तेवढं बळ सगळ्यांत नसतं. मोठी माय विनोबा नव्हती. तिच्या मनात शेवटी देव यावा की भाऊ, हे ठरवणारे आपण कोण? तिच्या मनात भाऊ होता, आणि आप्पांनी तो तिला आणून दिला.

आप्पाही आता नाहीत. शेवटच्या आजारात त्यांच्याजवळ बसायला त्यांच्या मंडळातले दोघे पाळीने येत, हे बघून बरं वाटलं. पण ते दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्यानंतर हे काम आमच्या पिढीकडे येतं, आणि आम्ही अजून खुर्चीवर बसून सफरचंदांची पिशवी पुढे करतो.

तुमच्या गल्लीत असं कुणी खाटेवर असेल तर या आठवड्यात जा. आधी दुखतं का ते विचारा. दुखत असेल तर घरच्यांना सांगा की हे सोसायचं दुखणं नाही, याला औषध आहे, ते डॉक्टरांकडे मागा. मग खाली बसा आणि त्या माणसाला बोलू द्या. निघताना पुन्हा कोणत्या वारी येणार ते सांगा, आणि त्या वारी जा.