समुद्रकाठचा फोटो आणि त्यात नसलेली माणसं

आमच्या घरी जाड पुठ्ठ्याचा एक जुना अल्बम आहे. त्यात १९९८ सालच्या गुहागरच्या सहलीचे अकरा फोटो आहेत. छत्तीस फोटोंचा रोल, मामाकडून मागून आणलेला कॅमेरा आणि ‘उगाच बटण दाबू नका रे’ हा बाबांचा दम, एवढी त्या फोटोंची पूर्वतयारी. त्या अकरा फोटोंत मी आहे, भाऊ आहे, आत्या आहे, किनाऱ्यावरचा एक अनोळखी कुत्रासुद्धा दोनदा आहे. बाबा मात्र एकाही फोटोत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात होता. आईही नाही. एका फोटोच्या कडेला तिचा नुसता हात दिसतो आणि त्या हातात आम्हा सगळ्यांच्या चपला.

२०२१ मध्ये बाबा गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तेव्हा लक्षात आलं की लग्नाचा अल्बम सोडला तर आई-बाबांचा बाहेरगावी काढलेला एकत्र असा फोटोच नाही. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. आई काही बोलली नाही. पण तो अल्बम तिने बरेच दिवस कपाटात आत ठेवलाच नाही.

गेल्या मार्गशीर्षात आईला घेऊन आम्ही पुन्हा गुहागरला निघालो. भाऊ, वहिनी, भाची, माझा नवरा, आमचा धाकटा आणि मी. या वेळी आईचा समुद्रावरचा चांगला फोटो काढायचाच, असं मी ठरवलं होतं. सगळ्यांना फिक्या निळ्या रंगाचे कपडे घ्यायला लावले. पांढऱ्यावर ऊन पडलं की फोटोत कपड्यांचा नुसता पांढरा डाग दिसतो, हे अनुभवाने शिकले होते. आईला मात्र मी जॉर्जेटची साडी काढून दिली. ती चूक होती, पण त्याबद्दल पुढे सांगते.

गुहागर चिपळूणहून सुमारे ४५ किलोमीटरवर. एसटी घाट उतरून खाली आली, की हवेतला ओलावा अंगाला जाणवू लागतो. गाव म्हणजे समुद्राला समांतर जाणारा एक लांबलचक रस्ता आणि दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. मधोमध व्याडेश्वराचं मंदिर. रस्त्याच्या पश्चिमेच्या घरात उतरलात, तर परसदारचा आगर ओलांडून, सुरूच्या बनातून चार पावलं चाललं की थेट वाळू. किनारा चांगला पाच-सहा किलोमीटर लांब, त्यामुळे गर्दीच्या दिवसांतही आपल्या कुटुंबापुरती मोकळी जागा सापडते.

पहिल्याच संध्याकाळी आमचा बेत फसला. साडेपाचला सगळे नटूनथटून वाळूवर उभे राहिलो, नेहमीप्रमाणे समुद्राकडे पाठ करून. मावळता सूर्य आमच्या मागे, म्हणून सगळ्यांचे चेहरे काळे. वारा पाठीमागून, म्हणून वहिनीचे आणि भाचीचे केस तोंडावर. आईचा जॉर्जेटचा पदर भावाच्या डोक्यावर जाऊन बसला. एवढ्यात एक लाट इतकी वर आली की वाळूवर ठेवलेल्या दोन पिशव्या भिजल्या आणि आई चपला गोळा करायला धावली. तिचं ते काम काही सुटेना.

रात्री जेवताना मी तक्रार केली, तेव्हा आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो ते काका हसले. ‘‘ताई, कॅलेंडर बघून आलात, पण तिथी बघून नाही आलात. आज दशमी. दहाचे पाऊणपट किती?’’

‘‘साडेसात.’’

‘‘म्हणजे साडेसातला भरती पुरी. साडेपाचला पाणी चढत असणारच. वाळू राहतेय कुठे तुमच्या फोटोला?’’

कोकणातला हा जुना हिशेब घरात भिंतीवर कॅलेंडर असणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणून चाराने भागायचं. येईल त्या सुमारास भरती पूर्ण होते, सकाळी आणि रात्रीही. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. हा अंदाज आहे, पाच-दहा मिनिटांचा वायदा नव्हे. पण सहलीला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येला उत्तर येतं सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाणी पार मागे गेलेलं, आणि ओल्या वाळूत आभाळाचे रंग उतरलेले. अष्टमीला उत्तर सहा. त्या दिवशी ऐन सूर्यास्ताला किनारा अरुंद. फोटोसाठी सुट्टी घेणार असाल, तर पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपासची घ्या.

उजेडाचं गणित तर त्याहून सोपं. आपला सगळा कोकण किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन गावाच्या बाजूने, माडांवरून येतं. तेव्हा समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की चेहऱ्यावर कोवळा उजेड आणि मागे निळं पाणी. शिवाय सकाळी जमिनीकडून वाहणारे मतलई वारे मंद असतात, केस जागच्या जागी राहतात. संध्याकाळी नेमकं उलट करायचं. तोंड समुद्राकडे, पाठ सुरूच्या बनाकडे. सोनेरी ऊन समोरून, खारा वारा समोरून, केस आपोआप मागे. फोटोत समुद्र येत नाही खरा, पण माणसं येतात. समुद्र पाहिजेच असेल, तर सूर्य बुडाल्यानंतरची दहा मिनिटं थांबा. तेव्हा उजेड सगळीकडून सारखा असतो आणि कुणाचेही डोळे मिचमिचत नाहीत. पुरीला गेलात तर मात्र हे सगळं फिरवून वाचा, तिथे सूर्य समुद्रातून उगवतो. दुपारी अकरा ते तीन कॅमेरा पिशवीतच बरा. त्या उन्हात सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं उमटतात.

बाकीची तयारी किरकोळ. जुन्या धोतराचा मऊ तुकडा जवळ ठेवा, कारण खाऱ्या हवेने मोबाइलच्या भिंगावर दहा मिनिटांत धुरकट थर बसतो. साडी सुतीच, पदराला दोन पिना. मुलांना आधी खायला घाला, फोटो काढा आणि मगच पाण्यात सोडा. भिजून कुडकुडणारं मूल जगात कुणाचं ऐकत नाही. म्हाताऱ्या माणसांना वाळूत फार वेळ उभं करू नका. मोडा किंवा प्लास्टिकची खुर्ची न्या, आणि फोटो काढणाऱ्याने स्वतः गुडघे टेकावेत.

तेराव्या तिथीला सकाळी आम्ही हेदवीला गेलो. तिथल्या किनाऱ्याजवळ काळ्या कातळात बामणघळ नावाची अरुंद घळ आहे. भरतीला लाट आत शिरली की पाण्याचा उंच फवारा उडतो. काकांचा हिशेब पावणेदहाचा होता, आणि त्या सुमारास घळ खरोखरच गर्जत होती. दोन तरुण मुलं फवारा पाठीमागे यावा म्हणून अगदी कडेला, शेवाळलेल्या खडकावर सरकत होती. आई एरवी परक्यांना काही बोलत नाही, पण त्या दिवशी ती खच्चून ओरडली. मुलं मागे आली, जराशी चिडूनच. २०१६ च्या जानेवारीत मुंबईत वांद्र्याच्या किनाऱ्यावर सेल्फी काढताना मुलगी पाण्यात पडली आणि तिला वाचवायला गेलेला माणूसही बुडाला. त्यानंतर पोलिसांनी शहरातल्या धोक्याच्या जागा ठरवून तिथे सेल्फीला मनाई केली. हेदवीला आपल्याला अडवायला कुणी असेलच असं नाही. ओल्या खडकावर, समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हा नियम घरातून निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवावा. पावसाळ्यात तर पाण्याजवळसुद्धा नको.

त्याच संध्याकाळी गुहागरला पाणी मागे होतं, वाळू रुंद होती. आई सुती साडीत, खुर्चीवर, तोंड समुद्राकडे. तिने मांडीवर पिशवी घेतलीच होती. मी म्हटलं, ‘‘आई, ती खाली ठेव ना.’’ म्हणाली, ‘‘राहू दे गं, त्यात किल्ल्या आहेत.’’ राहू दिली. धाकटा तिच्या पायाशी खड्डा खणत होता, ती त्याला काहीतरी सांगत खाली वाकली, आणि मी बटण दाबलं. मनासारखा फोटो.

रात्री खोलीत सगळे मोबाइल मध्ये ठेवून बघत बसलो. दोनशेच्या वर फोटो निघाले. आई शांतपणे एकेक सरकवत होती. शेवटी चष्मा काढून तिने विचारलं, ‘‘यात तू कुठे आहेस?’’

मी कुठेच नव्हते. तीन दिवस मोबाइल माझ्या हातात होता.

सकाळी एसटीची वेळ होत आली होती, तरी तिने मला आणि नवऱ्याला आगरातून पुन्हा वाळूवर नेलं. मोबाइल दोन्ही हातांनी धरला, ‘‘कुठे दाबायचं गं?’’ असं तीनदा विचारलं आणि फोटो काढला. क्षितिज तिरकं आलंय, माझे डोळे मिटलेत, आणि खालच्या कोपऱ्यात तिचं बोट. मी त्याची प्रत काढून आणली. जुन्या अल्बममध्ये चपलांच्या त्या फोटोशेजारी एक जागा रिकामी होती.