फ्रॉक, घोडागाडी आणि बरंच काही...

आमच्या होस्टेलवर शनिवारी रात्री कुठला पिक्चर लावायचा यावर रीतसर मतदान होतं आणि त्यात मी नेमाने हरते. माझी निवड सगळ्यांना तोंडपाठ आहे. "हिला विचारूच नका, ही परत ते फ्रॉक आणि घोडागाडीवालं काहीतरी लावणार!" मग पडद्यावर गाड्या उडतात, इमारती कोसळतात, आणि मी कोपऱ्यात बसून जर्नल पूर्ण करते. आता मासिकाच्या निमित्ताने दोन पानं मिळालीच आहेत, तर माझ्या पक्षाची बाजू मांडून टाकते. इथे मतदान नाही!

हे पिक्चर कुठले ते आधी सांगते. जुन्या इंग्लंडमधले, बहुतेक कुठल्यातरी गाजलेल्या कादंबरीवरचे. जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरची बीबीसीची १९९५ ची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही सहा भागांची मालिका, त्याच वर्षीचा आंग ली यांचा 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी', जो राइट यांचा २००५ चा 'प्राइड अँड प्रेज्युडिस', आणि काझुओ इशिगुरो यांच्या कादंबरीवरचा १९९३ चा 'द रिमेन्स ऑफ द डे'. या चौघांची मी फॅन आहे. फॅन म्हणजे साधीसुधी नाही, सबमिशनच्या आदल्या रात्री 'एकच एपिसोड' म्हणत तीन बघणारी फॅन.

मैत्रिणींची मुख्य तक्रार अशी, की यात काही घडतच नाही. लोक चहा पितात, फिरायला जातात, पत्र येतं, पत्र वाचतात, पाऊस पडतो. संपलं! पण माझं म्हणणं असं, की यात भयंकर घडत असतं, फक्त ते दोन ठिकाणी बघावं लागतं. एक, पैशांच्या हिशोबात. आणि दोन, नटांच्या चेहऱ्यावर. हिशोब कळला की चेहरे कळतात.

आधी हिशोब. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'ची पहिली काही मिनिटं घ्या. वडील मरणशय्येवर आहेत. इस्टेट पहिल्या बायकोच्या मुलाकडे, म्हणजे जॉनकडे जाणार. दुसरी बायको आणि तिच्या तीन मुली यांच्या वाट्याला वर्षाला फक्त ५०० पौंड. "त्यांना सांभाळ" असं वडील सांगतात आणि जॉन शब्द देतो. बहिणींना ३,००० पौंड द्यायचं तो मनाशी ठरवतो. मग त्याची बायको फॅनी बोलायला लागते. अगदी गोड आवाजात. ३,००० चे १,५०० होतात, मग वर्षाला १००, मग अधूनमधून २०, आणि घोडागाडी घरी पोचेपर्यंत शून्य! हॅरिएट वॉल्टरने ही फॅनी अशी केली आहे, की एकदाही आवाज न चढवता ती चार बायकांना बेघर करते.

हा सीन मी सुट्टीत आजीबरोबर बघितला. आजीला इंग्रजी येत नाही, मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. तिने मला मध्येच थांबवलं. "पुढचं नको सांगूस, कळलं मला. आमच्या वाटण्या झाल्या तेव्हा आम्हा बहिणींना कुणी विचारलंसुद्धा नाही." इतकंच बोलली आणि परत पडद्याकडे बघायला लागली. २०० वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा जमीनजुमला माझ्या आजीला एका मिनिटात समजला. कुठल्या अॅक्शन पिक्चरला हे जमलंय, सांगा!

'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्येही तेच गणित आहे. बेनेट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, पण पाच मुली आणि मुलगा नाही, म्हणून वडिलांच्या मागे घर जाणार दूरच्या नात्यातल्या मिस्टर कॉलिन्सला. बिंगलीचं उत्पन्न ४-५ हजार, डार्सीचं १०,०००. नाचाच्या हॉलमध्ये डार्सी पाऊल टाकतो आणि त्याचं नाव कळायच्या आत त्याचा आकडा सगळ्यांना कळलेला असतो. आता खरं सांगा, प्लेसमेंटच्या सीझनमध्ये आपल्या कॅन्टीनमध्ये दुसरं काय चालतं? "तो बघ, तो जातोय ना, त्याला किती लाखांचं पॅकेज माहितेय?" बिचाऱ्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नसतं!

गंमत बाजूला ठेवू. २००५ च्या चित्रपटात शार्लट लुकास ही एलिझाबेथची मैत्रीण त्याच मठ्ठ कॉलिन्सला होकार देते. एलिझाबेथ चिडते. तेव्हा क्लॉडी ब्लेकली ही नटी जे काही करते ते बघण्यासारखं आहे. ती सांगते की ती २७ वर्षांची आहे, पैसा नाही, पुढे काही दिसत नाही, आईवडिलांवर आपण ओझं झालोय, आणि आपल्याला भीती वाटते. रडत नाही, फक्त सांगते. माझी मावसबहीण २७ वर्षांची आहे. नोकरी करते, तरी घरात दर रविवारी 'स्थळ' हाच विषय. तो सीन संपल्यावर ताई काही बोलली नाही. रिमोट घेतला आणि तो सीन परत लावला.

आणि एक योगायोग बघा. हा चित्रपट इंग्लंडमध्ये सप्टेंबर २००५ मध्ये लागला. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क, आपल्या देशात लागू झाली ती ९ सप्टेंबर २००५ रोजी. महाराष्ट्रात १९९४ सालीच अशी दुरुस्ती झाली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तिचा फायदा नव्हता. तेव्हा 'जुन्या काळच्या गोष्टी' म्हणून नाक मुरडण्याआधी तारखा बघाव्यात!

आता चेहरे. ज्या समाजात एक वाक्य चुकीचं बोललं तर लग्न मोडतं, घर जातं, तिथे माणसं मनातलं बोलणार कशी? मग ते सगळं नटांना न बोलता दाखवावं लागतं. म्हणून तर हे नट मला एवढे आवडतात. जो राइटच्या चित्रपटात डार्सी एलिझाबेथला गाडीत चढताना हाताचा आधार देतो. बस, तेवढंच. तो वळतो, चालायला लागतो, आणि कॅमेरा त्याच्या हातावर जातो. पाची बोटं ताणली जातात, जणू चटका बसलाय. मॅथ्यू मॅकफॅडियनने एका हाताने अख्खा प्रेमाचा कबुलीजबाब दिला! बीबीसीच्या मालिकेतल्या कॉलिन फर्थच्या डार्सीचं तळ्यातून भिजून येणं लोकांना आठवतं (ते कादंबरीत नाहीच, बरं का). मला मात्र पेंबर्लीतला पियानोचा प्रसंग जास्त आवडतो. डार्सीच्या धाकट्या बहिणीची भर बैठकीत अवघडलेली अवस्था होते, जेनिफर एलीची एलिझाबेथ चटकन उठून तिला सावरून घेते, आणि फर्थ दुरून फक्त बघतो. त्या नजरेत 'आभारी आहे' पण आहे आणि 'आता माझं काही खरं नाही' पण आहे.

अॅलन रिकमन म्हटलं की आपल्या पिढीला प्रोफेसर स्नेप आठवतो. पण 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'तला त्याचा कर्नल ब्रँडन बघा. केट विन्स्लेटची मारियान गात असते आणि हा दारात नुसता थबकून उभा राहतो. पुढचा सगळा पिक्चर त्या उभं राहण्यात आहे. आणि एमा थॉम्पसन! पटकथा तिचीच, त्यासाठी तिला ऑस्कर मिळालं. 'हॉवर्ड्स एंड'साठी अभिनयाचं ऑस्कर तिच्याकडे आधीच होतं. अभिनय आणि लेखन या दोन्हींचं ऑस्कर मिळवणारी ती एकमेव व्यक्ती आहे. तिची एलिनॉर अख्खा चित्रपट सगळ्यांना सावरत, हिशोब लिहीत, गप्प राहते. शेवटी एडवर्डचं लग्न झालेलंच नाही हे कळतं आणि तिचा बांध फुटतो. ते रडणं सुंदर नाही, हुंदके बेढब येतात. म्हणूनच ते खरं वाटतं.

पण गप्प राहणं दर वेळी थोर नसतं, हे सांगायला 'द रिमेन्स ऑफ द डे' आहे. अँथनी हॉपकिन्स यात स्टीव्हन्स नावाचा बटलर आहे. (दोनच वर्षांपूर्वी 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये यानेच सगळ्यांना घाबरवलं होतं!) वडील वरच्या खोलीत वारतात आणि हा खाली पाहुण्यांची सरबराई करत राहतो. नाझींकडे झुकलेला मालक सांगतो म्हणून दोन ज्यू मुलींना कामावरून काढतो. मिस केंटन त्याच्या बोटांतून पुस्तक सोडवून घेते तेव्हा तो तिच्या चेहऱ्याकडे असा बघतो की आपला श्वास अडकतो. तरी बोलत नाही. हा पिक्चर बघून झाल्यावर मी माझ्या बाबांना उगाचच फोन केला होता.

आता एक आक्षेप, जो मला स्वतःलाच छळतो. या वाड्यांचा पैसा कुठून आला? ब्रँडन पूर्वेकडच्या वसाहतीत राहून आलेला आहे. लहानगी मार्गारेट त्याला तिथलं विचारते, तो मसाल्यांच्या वासाबद्दल सांगतो. ऐकायला छान. पण जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या छापल्या जात होत्या ती वर्षं बघा. १८०३ मध्ये जालन्याजवळ असईला वेलस्लीने मराठ्यांना हरवलं होतं. जेन जुलै १८१७ मध्ये वारली, नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, १८१८ ला पेशवाई संपली. नाचाच्या हॉलमधले ते लाल कोट इकडेही होतेच की! हे विसरून मी बघत नाही. पॅट्रिशिया रोझेमाच्या १९९९ च्या 'मॅन्सफील्ड पार्क'ने तर गुलामगिरीचा पैसा सरळ कथेतच आणला.

शिवाय या 'अस्सल इंग्रजी' चित्रपटांमागची माणसं बघितली की मला हसू येतं. 'द रिमेन्स ऑफ द डे'चे एक निर्माते इस्माईल मर्चंट १९३६ साली मुंबईत जन्मले, झेवियर्समध्ये शिकले. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी अमेरिकन. पटकथा लिहिणाऱ्या रूथ प्रॉवर झाबवाला जर्मनीत जन्मलेल्या ज्यू, लग्न करून दिल्लीत राहिलेल्या. कादंबरीकार इशिगुरो नागासाकीत जन्मलेले. आणि आंग ली तैवानचे! इंग्लंडच्या दिवाणखान्यात काय दडलंय ते बाहेरून आलेल्यांनाच नीट दिसलं असावं. मग आपण बघायला काय हरकत आहे?

जाता जाता एकच. एलिझाबेथ बेनेट कादंबरीत २० वर्षांची आहे. माझ्याएवढी. डोक्यावरचं छप्पर जाणार हे माहीत असताना ती कॉलिन्सला नाही म्हणते आणि १०,००० पौंडवाल्या डार्सीलाही पहिल्यांदा नाहीच म्हणते. सगळं गणित 'हो' म्हण सांगत असताना! त्या एका 'नाही'ची किंमत कळायला फॅनीचा शून्य कळावा लागतो, शार्लटची भीती कळावी लागते. फ्रॉक आणि घोडागाडी आहेत खरी, पण मी बघते ते त्या 'नाही'साठी. ताईला आता मालिकेचे सहाच्या सहा भाग हवे आहेत. या रविवारी पोहे खायला येणाऱ्यांनी जरा उशिरा यावं, आमचा तिसरा भाग चालू असेल.