आधी होडी, मग किल्ला

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवायची, वस्तुचित्रासाठी माठ आणि पेला मांडायचा, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे, अशी नोकरी. या नोकरीत जे काही बरं घडलं असेल त्याचं मूळ शोधायला गेले की मी दर वेळी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर जाऊन पोहोचते. तिथे माझे चुलत आजोबा राहायचे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. ते रापणकर होते, रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. पेन्सिल त्यांनी हातात धरलेली मला आठवत नाही.

बाबांनी तरुणपणीच दर्या सोडला आणि घाटावर येऊन नोकरी धरली. आम्हां भावंडांचा जन्म कोल्हापूरचा. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचं हे गाव. चित्रं घराघरांत, रंगाची दुकानं पेठेत. त्यामुळे कला म्हणजे इथली, आणि मालवण म्हणजे उन्हात वाळणारी मासळी, ओल्या जाळ्याचा वास, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. मालवणात बघण्यासारखा एक किल्ला आहे, एवढं इतिहासाच्या पुस्तकामुळे माहीत होतं. माझीच माणसं तिथे काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं.

एका नाताळच्या सुट्टीत बाबा आम्हांला गावी घेऊन गेले. तात्या म्हणाले, एक दिवस पोरांना सगळं दाखवतो. डिसेंबर म्हणजे रापणीचे भरवशाचे दिवस. पावसाळ्यातली मासेमारीबंदी कधीच संपलेली, दर्या निवलेला, बांगडा-तारली किनाऱ्याजवळ येणारी. रापणीत जो दोर ओढतो त्याला वाटा. तात्यांनी आमच्यासाठी त्या दिवसाचा वाटा सोडला होता. हे मला पुष्कळ वर्षांनी बाबांकडून कळलं. त्या दिवशी मात्र मी सकाळपासून एकच धोशा लावला होता, किल्ल्यावर कधी जायचं.

तात्या मला हाताला धरून वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीपाशी घेऊन गेले. म्हणाले, "आधी होडी बघ गो बाय. किल्लो खंय पळान जाणा नाय."

ती होडी शिवलेली होती. फळ्या एकमेकींना खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, काथ्याच्या सुंभाने शिवल्या होत्या. तात्यांनी माझं बोट धरून शिवणीवरून फिरवलं. फळीच्या कडेला चार-चार बोटांवर भोकं, दोन फळ्यांच्या सांध्यावर काथ्याची जाड वळी दाबून बसवलेली, आणि तिच्यावरून सुंभाचे फुलीसारखे टाके. सगळ्यावर तेलाचा काळा, चिकट हात. खिळे का नाहीत, असं मी विचारलं. "खिळ्याक मीठ खाता, सुंभाक मीठ राखता," ते म्हणाले. मग त्यांनी समजावलं. लाट होडीला उचलून वाळूवर आपटते. त्या वेळी खिळ्याची होडी ताठ राहते आणि तडकते, शिवलेली होडी अंगात थोडी हलते आणि मार जिरवते. शिवण सैल झाली की उसवून पुन्हा शिवायची. फळ्या त्याच, सुंभ नवं.

होडीच्या एका अंगाला दोन वाकड्या दांड्यांवर हलक्या लाकडाची उलांडी बांधलेली होती. तिच्यामुळे एवढी अरुंद होडी कलंडत नाही. उलांडी एकाच बाजूला का, हेही त्यांनी दाखवलं. जाळं दुसऱ्या बाजूने सोडायचं असतं, तिथे काही आडवं आलेलं चालत नाही. त्या होडीत एकही गोष्ट शोभेसाठी नव्हती, आणि तरी ती फार सुंदर होती. हे आज लिहिता येतं. त्या वेळी मी फक्त बोट फिरवत राहिले.

मग ओहोटी साधून आम्ही मोरयाच्या धोंड्याकडे गेलो. किनाऱ्यावरच्या या खडकावर गणपती, सूर्य, चंद्र, शिवलिंग अशी चिन्हं कोरलेली आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी इथे पूजा करून शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त केला. समोर कुरटे बेट. तीन वर्षांत, १६६७ साली, किल्ला उभा राहिला. बेटाची जागा इथल्या दर्यावर्दी माणसांनी महाराजांना दाखवली, अशी परंपरा आहे. तात्या ते वाडीतल्या कालच्या गोष्टीसारखं सांगत होते.

किल्ल्याकडे त्यांनी आम्हांला होडीतूनच नेलं. डावी-उजवीकडे बोट करून ते पाण्याखालचे खडक दाखवत होते. मला पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. पाण्याचा रंग कुठे बदलतो, लाट कुठे उगाच फुटते, यावरून ते ओळखायचं, असं त्यांनी सांगितलं. आणि मग एका ठिकाणी खरंच पाणी वेगळं दिसलं. हिरव्यात तपकिरी मिसळलेली एक पट्टी. रंगाकडे बघणं मी तिथे सुरू केलं. किल्ल्याचा दरवाजा शेवटपर्यंत दिसत नाही, तटाच्या वळणात तो लपवलेला आहे. या खडकांतून वाट ठाऊक असलेल्यालाच तो सापडावा अशी योजना. होडी आधी बघितल्यामुळे हे मला त्या वयातही समजलं. हा किल्ला नुसता चुना-दगडाचा नाही, पाण्याची वाट जाणणाऱ्या माणसांच्या माहितीवर तो उभा आहे.

आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघितल्या. घुमटीतला चुन्यात उमटलेला महाराजांचा हात बघितला आणि त्याच्याशी माझा हात लांबूनच मापून बघितला. शिवराजेश्वराच्या देवळात तात्या बराच वेळ उभे राहिले. इथली महाराजांची मूर्ती पुस्तकातल्या चित्रासारखी नाही. तिला दाढी नाही, आणि डोक्यावर जिरेटोपाऐवजी नावाड्याच्या टोपीसारखी टोपी आहे. एरवी मूर्तीवर मुखवटा असतो, त्यामुळे हे चटकन ध्यानात येत नाही. ते तात्यांनी सांगितलं. घडवणाऱ्याने राजाला इथल्या माणसांत बसवलंय, याचा त्यांना केवढा अभिमान होता! एरवी अबोल असलेला हा माणूस देवळाबाहेर आल्यावर बाबांना तेच पुन्हा सांगत राहिला.

संध्याकाळी दांडीवर परतलो तेव्हा रापण ओढणं चालू होतं. होडीने अर्धगोलात जाळं टाकून दोराची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणलेली. दोन रांगा, दोन्ही टोकांशी. बायका, म्हातारे, शाळेतून आलेली पोरं, सगळे पाय वाळूत रोवून मागे रेलत ओढत होते. जाळं जवळ येतं तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात. आम्हीही दोर धरला. हाताला फोड आला. जाळ्याचं पोट वाळूवर आलं आणि आत चांदीसारखी उसळी मारणारी तारली दिसली, तेव्हा मी ओरडलेच. तात्या बाजूला उभे होते. वाटे पडले, त्यांच्या नावाचा वाटा नव्हता. कोणीतरी पाहुण्यांसाठी म्हणून थोडे बांगडे आमच्या पिशवीत घातले. त्या रात्री आजीने त्यांचंच तिखलं केलं.

पुढे मी चित्रकलेच्या पदविकेला गेले. हात बरा होता, पण वर्गात माझं काम नेहमी मागे पडायचं. रेषा सफाईदार असायच्या, चित्र मात्र निर्जीव. मला ते कळायचं, उपाय कळत नव्हता. शिक्षण सोडून द्यावं इथवर मन आलं होतं. त्या सुट्टीत मी एकटीच मालवणला गेले आणि होडीची चित्रं काढत बसले. एक चित्र तात्यांना दाखवलं. त्यांनी ते दूर धरून, मग डोळ्यांजवळ आणून बघितलं आणि विचारलं, "शिवण खंय आसा गो?"

चित्रात शिवण नव्हती. फळ्यांवर मी सुरेख छाया टाकली होती, कमान डौलदार घेतली होती, आणि जिच्यावर होडी उभी असते ती गोष्टच गाळली होती. लहानपणी जिच्यावरून बोट फिरवलं तीच. तात्या आणखी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी झावळ्यांच्या छपराखाली एक जुनी होडी उसवायला घेतली होती, तिथे त्यांनी मला बसायला पाट ठेवला. सुट्टी संपेपर्यंत मी तिथेच होते. एक माणूस आत, एक बाहेर, मधल्या भोकातून सुंभ ये-जा करायचं. बाहेरचा ओढून धरायचा तोवर आतला भोकात काथ्या ठासायचा. मी होडी काढणं सोडलं आणि टाका काढायला लागले. मग टाका घालणारा अंगठा. मग अंगठ्यावरचा चिरलेला भाग, जिथे सुंभ घासून घासून कातडी शिंगासारखी झाली होती. वर्ष सुरू झाल्यावर ती पानं सरांपुढे ठेवली. त्यांनी एकेक पान सावकाश उलटलं आणि इतकंच विचारलं, हे कुठे बसून काढलंस.

मी शिक्षण सोडलं नाही. आजही वर्गात कोणी मूल चित्र घेऊन आलं की माझ्या तोंडून आधी प्रश्न येतो, ही वस्तू कशावर उभी आहे, कशाने जोडली आहे, कोणी केली आहे. हा प्रश्न माझा नाही.

तात्या गेले तेव्हा माझी मुलं लहान होती. ती शाळेत जायला लागल्यावर आम्ही चौघं एका दिवसासाठी मालवणला गेलो. मुलाला समुद्रात डुबकी मारून पोवळी बघायची होती, मुलीला किल्ला. मी दोघांना आधी दांडीवर नेलं. शिवलेली होडी शोधावी लागली. किनाऱ्यावर बहुतेक फायबरच्या होड्या होत्या, मागे इंजिन लावलेल्या. त्यात वाईट काही नाही. ज्याला रोज दर्यात जायचं आहे त्याने आपली सोय बघू नये असं मी कोण सांगणार? रापणी कमी झाल्या याचं दुःख मात्र खरं आहे, आणि ते नुसत्या आठवणींचं दुःख नाही. यांत्रिक पर्ससीन जाळी खोलातच मासळीचे थवेच्या थवे घेरून उचलतात, मग किनाऱ्याजवळ यायला उरतं काय? मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले, तरी भांडण मिटलेलं नाही. हे पोटाचं भांडण आहे. होडी शिवण्याची, पाणी वाचण्याची विद्याही याच पोटावर जगते. रापण गेली की ती विद्या संग्रहालयात ठेवून टिकणार नाही.

त्याच दिवशी दुपारी आम्ही कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, हे सगळं तिथल्या गंगावणे कुटुंबाने गोठ्यात संग्रहालय करून जपलं आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या घरात आनंद झाला. चित्रकथीची दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक दाखवून झालं की उलटायचं, गोष्ट पुढे सरकते. माझी मुलगी चित्राच्या कडेकडे निरखून बघत होती, दोन कागद कुठे जुळलेत ते शोधत. तिला हे मी शिकवलं नव्हतं. सकाळी होडीच्या शिवणीवरून तिचं बोट फिरलं होतं, तेवढंच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात सिंधुदुर्ग आहे. मला तात्यांची फार आठवण आली. त्यांना आनंद झाला असता, आणि देवळातल्या टोपीची गोष्ट त्यांनी चारचौघांना पुन्हा ऐकवली असती. पण त्या यादीत होडी नाही. होडीशिवाय त्या बेटावर एक दगड गेला नसता.

माझ्याकडून काय होण्यासारखं आहे याचा विचार करताना एक काम सुचलं आहे. तात्यांच्या नातवाकडे ती जुनी रापणीची होडी अजून आहे, वापरात नाही. तिचं पूर्ण मापचित्र करायचं, फळीगणिक, टाक्यागणिक, उलांडीच्या गाठींसकट. नातू म्हणाला, पावसात लाकूड फुगलेलं असतं, माप चुकेल, नारळी पौर्णिमेनंतर ये. वाडीत शिवण घालता येणारे एक म्हातारे काका आहेत. त्यांनाही त्याने बोलावून ठेवलं आहे. मी मोजपट्टी, कागद आणि शाळेतली दोन मुलं घेऊन जाणार आहे. मुलांना मासळीचा वास चालेल ना, असं नातवाने फोनवर विचारलं. मी सांगितलं, त्यांना आधी होडीपाशीच बसवणार आहे.