ब्रेक वाजत होता आणि मी गप्प होते



मुगाच्या पापडांचं प्रमाण पुढच्या वेळी नक्की देते. आज विषय जरा वेगळा आहे: गाडीचे ब्रेक. हसू नका. मला गाडी चालवता येत नाही, पण गेली बारा वर्षं मी त्या गाडीत डाव्या सीटवर बसते आहे आणि तिच्या खर्चाची वही माझ्याकडेच असते. १९८१ साली मी बी.कॉम. झाले. तेव्हा अमरावती विद्यापीठ व्हायचं होतं, म्हणून पदवीवर नाव नागपूर विद्यापीठाचं आहे. त्या पदवीचा उपयोग मी घरची वही लिहिण्यातच केला.

आम्ही अकोल्याला राहतो आणि माझं माहेर अमरावती. आईचं वय झालं, म्हणून दर पंधरा दिवसांनी आमची फेरी असते. हा रस्ता पूर्वी कसा होता ते तुम्हाला सांगायला नको. मूर्तिजापूर येईपर्यंत कंबर वेगळी आणि आपण वेगळे! मग जून २०२२ मध्ये याच महामार्गावर, लोणी ते माना या पट्ट्यात, १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. हे ७५ किलोमीटर एका मार्गिकेचे, म्हणजे दुपदरी धरले तर साडेसदतीस. हिशेबाची सवय, म्हणून सांगितलं. पण रस्ता झाला लोण्यासारखा.

आणि रस्ता शांत झाला तेव्हा मला गाडीचा आवाज ऐकू यायला लागला. पूर्वी खड्ड्यांत सगळंच खडखडायचं, वेगळं काही कळायचं नाही. मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर गाडी हळू झाली की पुढच्या चाकातून बारीक ‘चीं’ असा आवाज यायला लागला, चिमणीच्या पिलासारखा. मी म्हटलं, “अहो, काहीतरी वाजतंय.” हे म्हणाले, “काही नाही वाजत. तुला उगाच भास होतात.”

मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. गाडी त्यांची, चालवणारे ते, आपल्याला त्यातलं काय कळतं? आपल्यापैकी किती जणी असं म्हणून गप्प बसतो! शिवाय हिवाळ्यात दिवस लहान. सूर्यास्ताच्या आत घरी पोचून जेवण व्हायला हवं, म्हणून परतताना घाई असायची. वाटेत थांबून गॅरेज शोधायला वेळ कुठला? तीन महिने मी ते ‘चीं’ ऐकत बसले.

मग एक दिवस बडनेऱ्याजवळ ‘चीं’ थांबलं आणि खर्रर्र असा दळण दळल्यासारखा आवाज आला. तो यांनाही आला. अकोल्याला गाडी दाखवली. मिस्त्रीनं चाक काढून आम्हाला बोलावलं.

“काकू, हे पाहा. लायनर पुरं खल्लास झालं. लोखंडावर लोखंड घासून राह्यलं.”

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ब्रेक दाबला की दोन बाजूंचे पॅड मधल्या फिरत्या चकतीला, म्हणजे डिस्कला, चिमटीत धरतात. पॅडवरचा घासणारा थर झिजण्यासाठीच असतो. बऱ्याच पॅडना एक छोटी लोखंडी पट्टी असते. थर दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम चिरकते, म्हणजे मालकाला कळावं. माझी चिमणी ती होती. तीन महिने ती हाक मारत होती.

डिस्कवर नखानं जाणवतील अशा चऱ्या पडल्या होत्या. लेथवर घासून सपाट करता येते, पण डिस्कच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो आणि आमची त्याच्याही खाली गेली होती. पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड, सगळं नवं. कंपनीचा माल सव्वासहा हजार, बाहेरचा साडेतीन. यांनी माझ्याकडे पाहिलं. वही माझी ना! मी म्हटलं, “बाहेरचा टाका.” पावणेतीन हजार वाचले म्हणून मी मनात खूश झाले.

दोन दिवसांत खरा तमाशा सुरू झाला. आता चिमणी नव्हती, रेल्वेची शिट्टी होती. प्रत्येक सिग्नलला ‘कीं—’. अमरावतीला राजकमल चौकात गाडी थांबली तर स्कूटरवरच्या दोन पोरी वळून बघायला लागल्या. मी पदरानं तोंड झाकलं. आणि हे? शांत. “काय झालं?” म्हणाले.

अकोल्याचा मिस्त्री म्हणाला, “नवं हाय काकू, बसंल हळूहळू.” पाचशे किलोमीटर झाले तरी बसलं नाही. शेवटी भावानं त्याच्या ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रीकडे नेलं. त्यांनी आधी स्वतः गाडी फिरवून आणली, मग चाकं खोलली आणि मला समजावलं, कारण प्रश्न मीच विचारत होते.

ब्रेकची शिट्टी म्हणजे कंप. ओल्या बोटानं काचेच्या पेल्याची कड घासली तर ती कशी गाते, तसंच. पॅड डिस्कला धरतं-सोडतं, धरतं-सोडतं, सेकंदाला हजारो वेळा, आणि सगळी चकती वाजते. माल हलकाच आहे असं नाही, म्हणाले. बसवणं हलकं होतं. पॅडच्या पाठीला कंप जिरवणारा पातळ पत्रा असतो, तो लावलाच नव्हता. पॅड ज्या पिनांवर सरकतं त्या कोरड्या होत्या. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते नीट पुसलं नव्हतं. त्यांनी सगळं साफ केलं, पत्रे घातले, पॅडच्या पाठीला आणि पिनांना उष्णता सोसणारं खास ग्रीस लावलं. “घासायच्या बाजूला थेंबही लागला, तर ब्रेक लागणार नाही,” हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात गाडी नेऊन दहा-बारा वेळा बेताचा ब्रेक दाबला, मध्ये गार होऊ दिलं. त्यानं पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो.

पॅडचे प्रकारही असतात. धातूचा अंश जास्त असलेले उष्णता सोसतात पण वाजतात. सिरॅमिकचे शांत, पण महाग. बाहेरचा माल घ्यायला हरकत नाही. मात्र खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि आपल्या गाडीचं मॉडेल हवं, बरोबर पत्रे-क्लिपा हव्यात, आणि दोन्ही चाकांचे जोडीनंच बदलायचे.

काम संपवून त्यांनी यांना शेजारी बसवलं, पुन्हा एक फेरी मारली आणि अगदी हळू ब्रेक दाबला. मी आणि भाऊ मागे. किंचित बारीक आवाज अजून होता. मिस्त्री म्हणाले, “एवढा चालंल. काका, आला ना आवाज?”

हे म्हणाले, “नाही.”

पुन्हा दाबला. “आता?”

“नाही.”

गाडीत कोणीच काही बोललं नाही. तीन महिने मला वाटत होतं की हे माझं ऐकत नाहीत. त्यांना ऐकूच येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात कानाची तपासणी झाली. तो आलेख डाव्या बाजूला ठीक होता आणि उजवीकडे उतरत उतरत पार खाली गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, वयानं आधी बारीक, उंच आवाज जातात. जाड आवाज शाबूत राहतात. म्हणून खर्रर्र आला, चिमणी आली नाही. म्हणून नातीचं फोनवरचं बोलणंही “पुटपुटते” वाटायचं. आता मशीन लावतात. पहिल्या दिवशी मला म्हणाले, “तू इतक्या मोठ्यानं बोलतेस?” चार वर्षांची सवय हो, लगेच कशी जाईल!

आपण पावलापुढचं चार हात बघून चालावं असं शिकलो. पाणी गाळतो, धान्य निवडतो. हिंसेच्या व्याख्येतच तत्त्वार्थसूत्रानं प्रमाद घातला आहे, म्हणजे बेसावधपणा. मी पाणी गाळत होते आणि घासलेल्या ब्रेकची गाडी भरधाव रस्त्यावर तीन महिने जाऊ देत होते. समोर कोणाचं लेकरू आलं असतं तर? त्या रात्रीच्या प्रतिक्रमणात मला दुसरं काही आठवलं नाही.

मैत्रिणींनो, पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर सकाळी थोडं कुरकुरलं तर घाबरू नका; वरवरचा गंज असतो, चार ब्रेकांत जातो. पण रोजची ‘चीं’, कोणतीही खरखर, पायाखाली पेडल थरथरणं, गाडी एका बाजूला ओढली जाणं, यातलं काही झालं तर त्याच आठवड्यात दाखवा. चालवता येत नसेल तरी सांगा. तिसऱ्यांदाही सांगा. आणि शेजारचा माणूस “काही नाही वाजत” म्हणाला, तर त्याच्यावर रागावण्याआधी त्याचा कान तपासा.

वहीत त्या महिन्याची नोंद आहे. वेळेवर नुसते पॅड बदलले असते तर दीड हजारात भागलं असतं. खर्चापुढे मी कारणही लिहिते नेहमी. तिथे लिहिलंय: ‘दोनदाच सांगितलं.’

जय जिनेंद्र.