गारपगारी, मखर, मोट

रॉबर्ट व्हेन रसेल हे मध्य प्रांतातले इंग्रज सनदी अधिकारी. रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीने त्यांनी प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड लिहिले. ते 1916 साली छापून निघाले. त्याआधीच, 1915च्या डिसेंबरात, जर्मन पाणबुडीने भूमध्य समुद्रात ‘पर्शिया’ नावाची बोट बुडवली. रसेल त्या बोटीवर होते.

सौंसर आणि पांढुर्णा हा तेव्हा नागपूरकडे तोंड करून बसलेला मुलूख. जिल्हा छिंदवाडा, पण घाटाखालचा. वर सातपुडा, खाली ज्वारी, कापूस आणि मराठी. रसेल यांच्या पुष्कळ नोंदी नागपूरकडच्या कुणब्यांच्या आहेत. घाटाखालचा कुणबी त्याहून फार निराळा नव्हता. परक्या माणसाने लिहिल्यामुळे काही गोष्टी कागदावर आल्या. गावच्या माणसाला त्या लिहून ठेवण्याजोग्या वाटल्या नसत्या.

गारपगारी त्यांतला एक. गारा अडवणे हे त्याचे काम. रात्री आभाळ धूर आणि जाळ मिसळल्यासारखे काळे-तांबडे झाले की तो तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही. आधी विनवणी करी. मारुतीने ऐकले नाही तर धमकी देई: जीव देतो. अंगावरचे कपडे फेकी. कधी बायकापोरांना शेजारी उभे करून त्यांनाही मारीन म्हणे. पूर्वी तो स्वतःला वार करून घेत असे, असे रसेल ऐकीव म्हणून लिहितात. त्यांच्या काळापर्यंत ते बोटातून थोडे रक्त काढण्यावर आले होते. सुगीला त्याला गावाकडून धान्य मिळे. तेही तेव्हाच कमी होऊ लागले होते. कोणी पेंढी देई, कोणी काहीच देत नसे.

गारा येतातच. फेब्रुवारी-मार्चात आल्या तर संत्र्याच्या आंबिया बहराचा फुलोरा खाली येतो. झाडावर मृगाचे फळ असेल तर त्याला डाग पडतो. शेतकरी मोबाइलवर फोटो काढतो. पटवारी येतो. पंचनामा होतो. मदत महसूल पुस्तक परिपत्रकाच्या, म्हणजे आरबीसीच्या, 6-4 खाली मागायची असते. विम्याचा अर्ज वेगळा. मारुतीपुढे तलवार घेऊन कोणी उभे राहत नाही.

सौंसरजवळच्या जामसावळीचा मारुती पहुडलेला आहे. पिंपळाखालचे ते ठिकाण. बाधा झालेली माणसे तिथे आणून ठेवत, अजूनही आणतात. 2023 साली तिथे ‘हनुमान लोक’ या मंदिर-संकुलाची पायाभरणी झाली. आता मोठे दगडी काम, वाहनतळ, रांगेचे कठडे.

पोळ्याला गावाबाहेर आंब्याच्या पानांचे तोरण दोन खांबांना बांधत. सगळ्यांत पुढे एक म्हातारा बैल असे. त्याच्या शिंगांवर लाकडी मखर, मखराच्या खुंट्यांवर पेटते पलिते. तो तोरण तोडून गावाकडे उधळे आणि मागून सगळी गुरे. मखराचा बैल तीन वर्षांत मरतो, असे लोक म्हणत. त्याच्या मागे मालगुजाराचे बैल, मग बाकीच्यांचे. हा क्रम पैशावर नव्हता, घराण्याच्या मानावर होता. आपला नंबर चुकला तर कुणब्याला ते फार लागे. रसेल यांनी हेही लिहून ठेवले आहे. 

मालगुजारी 1951 साली गेली. मान काही वर्षे राहिला. नंतर बैल कमी झाले. ज्यांच्या गोठ्यात जोडी नाही त्यांच्या घरी पोळ्याला मातीचे बैल पुजतात. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल मात्र बाजारात दर वर्षी नवे येतात. चाके लावलेले, रंगवलेले, पोराच्या उंचीचेही. ट्रॅक्टरला हार घालतात, कुंकू लावतात.

बैल जाण्याआधी कडबा गेला. कडबा जाण्याआधी ज्वारी गेली. सौंसर तहसिलीचे पीक म्हणजे ज्वारी आणि पऱ्हाटी. मग सोयाबीन आले. सोयाबीनच्या कुटाराने बैलाचे वर्ष निघत नाही. ज्वारीचे एखादेच वावर राहिले की साऱ्या शिवारातली पाखरे त्याच वावरात उतरतात. म्हणून तेही पेरत नाहीत.

ज्वारीबरोबर गेलेल्या वस्तू: गोफण. राखणीचे मचाण. खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब आणि त्याभोवतीची पात. जमिनीतले पेव. पेव उघडले की आत लगेच उतरायचे नाही, कोंडलेला वायू निघून जाऊ द्यायचा, हे माहीत असलेली माणसे. आंबील. हुरडा अजून मिळतो, शहराजवळच्या हुरडा पार्टीत, ताटाच्या भावाने.

तिफण. तिच्या मागे चालणाऱ्या बाया. कमरेला बियाण्याची ओटी, मुठीतून चाड्यात पडणारे दाणे, दोन दाण्यांत सारखे अंतर. बाईचा हात चांगला म्हणून तिला लांबच्या गावाहूनही बोलावणे येई. आता हे अंतर यंत्राच्या चकतीवर ठरते.

मोट विजेच्या पंपाने घालवली. पंप विहिरीत असेपर्यंत विहीर राहिली. मग बोअर आले. बैलांची धाव बुजली. थारोळ्यात पालापाचोळा. काही विहिरींच्या काठावर दोराने पडलेल्या खाचा दगडात आहेत. मोटेवर म्हणायची गाणी बैलांच्या चालीची होती. चाल नाही तर गाणे बसत नाही.

संत्रा मात्र याच विहिरींवर वाढला. पांढुर्णा आणि सौंसरची फळे नागपूरचा संत्रा म्हणूनच दूर गेली. पूर्वी सौदा हजाराच्या भावाने होई. फळे हाताने मोजत, मोजणारा सुरात आकडे म्हणे. लाकडी पेटी, तिच्यात तणस, वर खिळे. आता माल टनावर जातो, प्लॅस्टिकच्या कॅरेटमधून. पेट्या ठोकणारे सुतार दुसऱ्या कामाला लागले. डिंक्याने आणि पाण्याच्या ओढीने झाडे वाळतात. वाळलेली बाग तोडून तिथे पुन्हा कपाशी लावल्याची उदाहरणे दोन्ही तहसिलींत आहेत.

लोधीखेडा तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जाई. लग्नात घागर, गुंड, गंगाळ, परात तिथली. नाव ठोक्याने कोरून. स्टील आले, मग प्लॅस्टिक. जुनी भांडी मोडीत वजनावर गेली, नावासकट.

छोटी गाडी. रुळांत अडीच फुटांचे अंतर, नागपूरहून सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, मग घाट चढून छिंदवाडा. भाजीची टोपली, दुधाची कॅन, शाळेची पोरे, सगळे एकाच डब्यात. घाटात गाडी इतकी हळू होई की उतरून पुन्हा चढणारे असत. नागपूरच्या मोतीबागेत नॅरो गेजचे संग्रहालय 2002 साली उघडले. तेव्हा गाडी धावत होती. ती 2015च्या अखेरीस बंद झाली. रूळ उखडले, बोगदे झाले, काही वर्षांनी मोठी गाडी आली. मोठ्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येत नाही.

1 नोव्हेंबर 1956पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. सकाळी निघून कचेरीचे काम आटोपून रात्री घरी येता येई. त्या दिवशी मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्णा. राजधानी भोपाळ झाली. दवाखाना, लग्नाचा बस्ता, वर्तमानपत्र यांसाठी नागपूरच राहिले. अर्ज तेवढा भोपाळला जाऊ लागला.

त्याआधी अठरा दिवस, 14 ऑक्टोबरला, नागपुरातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. रसेल यांच्या चौथ्या खंडात महारांच्या वाट्याची कामे लिहिलेली आहेत. गावची राखण, मेलेली गुरे ओढणे, शिवेचा तंटा पडला तर साक्ष. ही कामे एकेक करून सुटली. सुटल्याचे दुःख ती करणाऱ्यांच्या घरी कोणी केले नाही. या यादीत ती आहेत, कारण तीही नाहीशी झाली.

मराठी शाळा. सौंसरकडे मराठी माध्यमाचे वर्ग होते. मग मराठी हा एक विषय उरला. मग कुठे शिक्षक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो, दोघांचेही अडत नाही. दुकानांच्या पाट्या हिंदी. जमिनीचा कागद खसरा आणि बी-1. सीमेपलीकडे काही मैलांवर त्याच काळ्या मातीचा सातबारा निघतो. मोडी वाचणारे कधीच संपले. जुन्या वाड्यांतली मोडी दफ्तरे कुठे कुठे अजून कापडात बांधलेली आहेत.

ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीचा मराठीचा खंड 1905 साली निघाला. त्याचे काम स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाने केले. छिंदवाड्याच्या घाटाखालची बोली त्यात नागपुरीत धरली आहे. नमुन्यासाठी सगळ्या जिल्ह्यांना एकच गोष्ट दिली होती: बायबलातला उधळ्या मुलगा. तो मुलगा प्रत्येक बोलीत घरी परततो. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘येऊन राह्यला’ हे अजून ऐकू येते, बाजाराच्या दिवशी जास्त, शाळेच्या आवारात कमी.

भोयरांवरही रसेल यांचे प्रकरण आहे. बैतूल आणि छिंदवाड्याची शेतकरी जात. मूळ धारचे, असे ते सांगत. आता समाज पवार हे नाव लावतो. त्यांची घरातली बोली ना पुरती हिंदी, ना पुरती मराठी. लग्नातली गाणी तिच्यात होती. गाणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या. मांडवात डीजे असतो.

पहाटे येणारे: वासुदेव, मोरपिसांच्या टोपीचा. पांगुळ, झाडावर चढून देवाचे आणि दात्यांचे नाव घेणारा. जोशी, नवे पंचांग सांगणारा. दुपारी येणारे: कल्हईवाला, बांगड्यांची पेटी घेतलेला कासार, पोतराज. रात्री येणारे: गोंधळी, खडी गंमतवाले, बहुरूपी. बहुरूपी कधी पोलीस होऊन येई आणि नवी सून घाबरे. आता दारात येणारा माणूस पार्सल देतो आणि ओटीपी विचारतो.

भुलाबाई. भादव्यात बसायची, कोजागिरीला उठायची. मुली घरोघर गाणी म्हणत फिरत. शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, मग नावे घ्यायची. घरे कमी झाली तशी गाणी आखूड झाली. मातीच्या भुलाबाईच्या शेजारी भुलोजी असे. दोघे मिळणे अवघड झाले.

5 ऑक्टोबर 2023ला पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसर त्यात आले. छिंदवाड्याच्या कचेरीच्या चकरा कमी झाल्या. नव्या जिल्ह्याचे फलक लागले.

बाहेरच्या कॅमेऱ्याला हे काही दिसत नाही. त्याला पांढुर्णा म्हणजे गोटमार. वर्षातला एक दिवस, पोळ्याचा दुसरा. जंगलातून पळसाचे झाड आणतात, पूजा करतात, पहाटे जाम नदीच्या पात्रात मधोमध रोवतात. वर झेंडा. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. मधून दगड. प्रेमात पळालेल्या मुलामुलीची गोष्ट त्याला जोडलेली आहे. ती दोन्ही काठांवर सारखी सांगत नाहीत. गोटमार बंद व्हावी म्हणून पुष्कळ झाले. जमावबंदी लागली. रबरी चेंडू देऊन पाहिले, लोक पुन्हा दगडांकडे वळले. आता काठावर पोलीस, रुग्णवाहिका, ड्रोन. मखराचा बैल गेला, तोरणाचा मान गेला, पोळ्याचा हा दुसरा दिवस राहिला. झाड निघाले की चंडीमातेच्या देवळात नेतात. मग जखमींची मोजणी होते. आकडा शेकड्यांत असतो.