हिनं मान टाकली की

या, आत या. चपला काढायला खाली वाकाल तेव्हाच हिची ओळख होईल, कारण दार उघडल्यावर समोर पहिली दिसते ती हीच. जयपूरच्या मानसरोवर भागातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला अंगण नाही, म्हणून हिला वृंदावनही नाही. बैठकीच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी मातीची एक कुंडी आहे आणि ती विटेवर ठेवलेली आहे. विटेवर उभी म्हटल्यावर मराठी माणसाचे हात आपोआप जोडले जातात, पण या विटेला काम आहे. मे महिन्यात इथली फरशी दुपारी इतकी तापते की तिला टेकलेल्या कुंडीत मुळं शिजतात. विटेमुळं खालून वारा खेळतो आणि जादा पाण्यालाही वाट मिळते.

उंची दीड फूट, पानं हिरव्याहून जांभळटाकडं झुकलेली. खोड दोन बोटांत धरून पाहा. गोल नाही, चौकोनी आहे. ही घराण्याची खूण. पुदिना, सब्जा ही सगळी हिची भावंडं. पान चुरगळलंत तर लवंगेचा वास येईल आणि त्यात नवल नाही, कारण लवंगेत असणारं युजेनॉल हिच्याही तेलात असतं. पण पान आत्ता तोडू नका. संध्याकाळ झाली आहे आणि दिवेलागणीनंतर हिला हात लावलेला आमच्या आईला चालत नाही. आई सांगलीत असते, तरी तिचा नियम इथं चालतो.

हिला नुसतं तुळस म्हणणारं या जिन्यावर आमचं एकच घर. बाकीच्यांना ही 'तुलसीजी'. दूधवाला सकाळी बाटली ठेवताना हिला नमस्कार करून जातो, आणि हीही तो मानपान हक्कानं घेते. घेईल नाहीतर काय? हे शहर गोविंददेवजींचं, म्हणजे कृष्णाचं. ती मूर्ती मुळात व्रजातल्या वृंदावनची, औरंगजेबाच्या काळात तिथून हलवलेली. सवाई जयसिंहानं 1727 मध्ये जयपूर वसवलं आणि देव आता इथल्या जयनिवास बागेत राहतात. वृंदा म्हणजे तुळस. आपल्याकडं वृंदावन म्हटलं की अंगणातलं चौकोनी बांधकाम डोळ्यांपुढं येतं, इथल्या माणसाला यमुनेकाठचं गाव आठवतं. दोन्हीकडं नाव हिचंच.

आता स्वभाव. ही बोलत नाही, मान टाकते. तहान लागली, मान टाकली. पाणी जास्त झालं, मान टाकली. गारठली, मान टाकली. जागा बदलली तरी दोन दिवस मान खालीच. भाषा एका शब्दाची आणि अर्थ दहा, त्यामुळं हिच्या घरात राहणाऱ्याला नुसतं पानाकडं बघून भागत नाही.

पहिल्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर लू वाहत होती, पारा 44 च्या पुढं. दुपारी दोनला पाहिलं तर पानं उलट्या छत्रीसारखी मिटलेली आणि शेंडे वाकलेले. घाईनं तांब्याभर पाणी घातलं. तासाभरात ही ताठ. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, पुन्हा तांब्या. असं आठवडाभर चाललं. मग एका सकाळी, ऊन यायच्या आधीच, ही मान टाकून उभी. पाणी घातलं, उठली नाही. संध्याकाळी आणखी घातलं. खालची पानं पिवळी पडून फरशीवर गळली, शेंड्यांची टोकं काळी झाली.

पानाला हाड नसतं. ते उभं राहतं आतल्या पाण्याच्या जोरावर. प्रत्येक पेशी भरलेल्या पखालीसारखी ताणलेली असते आणि पाणी कमी झालं की पखाल लुळी पडते. भर उन्हात पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळांना वर पोचवता येत नाही, म्हणून माती ओली असूनही दुपारी मान खाली जाते आणि ऊन उतरलं की आपोआप वर येते. तो आजार नव्हे, दुपारची झोप आहे. त्या झोपेतून आम्ही हिला रोज पाणी मारून उठवत होतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, मुळं तीच घेतात. रोजच्या पाण्यानं त्या पोकळ्या बुजल्या, मुळं गुदमरून कुजली आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येईना. पाण्यात उभी राहून ही तहानेनं सुकत होती. आणि आम्ही तांब्या घेऊन उभे.

तेव्हापासून या घरात हिची विचारपूस बोटानं होते. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायची. कोरडी लागली तर पाणी, ओली लागली तर हात मागं. त्याहून खात्रीचं म्हणजे कुंडी उचलून बघणं. तहानलेली कुंडी हलकी लागते, माती कडेपासून सुटून मधे आकसते, पान कागदासारखं पातळ होतं. पाण्यानं बेजार झालेली कुंडी जड असते, पान मऊ आणि जाड लागतं, पिवळेपणा खालून वर चढतो, मातीला आंबूस वास येतो. आठ दिवस रोज उचललीत तर मनगटाला वजन पाठ होतं.

वेळही पाहावी लागते. गोविंददेवजींच्या दिवसाला सात झांक्या, म्हणजे दर्शनं, असतात, पहाटेच्या मंगलेपासून रात्रीच्या शयनापर्यंत, आणि भाविक म्हणतात की प्रत्येक झांकीला देवाचं रूप वेगळं. हिचंही तसंच आहे. मंगलेच्या वेळेला ही टवटवीत, दुपारी राजभोगाच्या सुमारास पेंगुळलेली, संध्या झांकीला पुन्हा मान वर. दुपारचं एकच दर्शन घेऊन निदान करणारा हमखास चुकतो. सकाळी सहाला मान खाली असेल तर मात्र काळजी करा.

हिच्या दुखण्याला सल्लागार भरपूर. नजर लागली इथपासून नर्सरीवाल्याच्या खतापर्यंत सगळं ऐकून झालं. शेजारच्या भाभीजी सगळ्यांत जवळच्या. त्यांचा एक नियम ठाम आहे: रविवारी आणि एकादशीला तुलसीजींना पाणी नाही, त्या दिवशी त्यांचा निर्जळ उपास असतो. जूनमधल्या रविवारी हे ऐकून पोटात गोळा आला होता. पण शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर खालच्या भोकातून ओघळ येईपर्यंत भरपूर पाणी दिलं की रविवार आरामात निघतो. उलट आठवड्यातून एक दिवस हात आवरल्यानं मुळांना श्वास मिळतो. आम्ही तो उपास आता आपलाच मानतो.

भक्तीचं दुसरं रूप हिला जरा जड जातं. पणती अगदी खोडाशी ठेवली की वरची दोन पानं करपतात. उदबत्ती मातीतच खोचली की तिची राख आणि काडी तिथंच राहतात. हळद-कुंकू रोज बुंध्याशी वाहिलं, वर दुधाचा हात लागला, की मातीवर साय धरते आणि बुंधा कुजायला लागतो. म्हणून कुंडीपुढं एक छोटी तांब्याची ताटली मांडली आहे. दिवा, कुंकू, फूल सगळं तिथं. हिचा मान तसूभर कमी झालेला नाही आणि गळाही मोकळा राहिला आहे.

आता हे पान बघा, याची कडा तपकिरी आणि कुरकुरीत आहे. ही कूलरची कृपा. जयपुरात उन्हाळा कूलरवर काढतात. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडतं, पण पाण्यातले क्षार उडत नाहीत, ते टाकीत साठत जातात. इथं घरोघरी येणारं पाणी बनास नदीवरच्या बीसलपूर धरणाचं. ते पुरलं नाही की बोअरचं येतं, आणि बोअरचं पाणी खारट, जड. त्या पाण्यावर आठ दिवस कूलर चालला की टाकीच्या तळाशी जे उरतं ते वाया जाऊ नये म्हणून कामाच्या मावशी कुंडीत ओतायच्या. हेतू चांगलाच होता. महिन्याभरात कुंडीच्या बाहेरून पांढरे फुलोरे उमटले, मातीवर पापुद्रा आला आणि पानांच्या कडा जळाल्या. ओल्या मातीतही मान खाली, कारण क्षार वाढले की मातीच पाणी धरून ठेवते, मुळांना देत नाही. साध्या पाण्याच्या दोन बादल्या हळूहळू कुंडीतून सोडल्या, खालून मिठाचा सगळा मळ वाहून गेला. ती कुंडी जपून ठेवली आहे. कडेवरचे ते फुलोरे अजून जात नाहीत.

नटण्याची हौस म्हणाल तर मंजिरीची. एकदा तुरा आला की हिचं लक्ष पानांवरून उडतं. तुरे डुलतात, बी धरतं, खोड लाकडासारखं होतं आणि पानं लहान होत जातात. बी झालं की आपलं काम संपलं असं हिच्या मनानं ठरलेलं असतं. म्हणून मंजिरी कोवळी असतानाच खुडायची. शेंड्यावर खुडलं की खाली दोन नवे फुटवे येतात आणि ही पुन्हा भरते. खुडताना जीव खालीवर होतो, तरी खुडायची. एक तुरा मात्र राखतो, बियांसाठी.

कार्तिकात हिचं लग्न लागतं, आणि लग्नाच्या आधी भाभीजींकडून लाल चुनरी येते. मंगलाष्टकं आमची, चुनरी त्यांची, ऊस इथल्या मंडईतला. ती चुनरी पुढं जानेवारीपर्यंत अंगावर असते आणि असायलाच हवी. जयपूरचं ऊन जितकं कडक तितकीच थंडी. पारा 10 अंशांखाली उतरला की हिला सोसत नाही. एका रात्रीत पानं काळपट पडून लोंबकळतात, आणि ती मान काही केल्या पुन्हा वर येत नाही. रात्री काचेपासून हात-दोन हात आत ओढून घ्यायची, सकाळी पुन्हा उन्हात. त्या दिवसांत पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि तेही दुपारी, कोमट. कायमची आत ठेवली तरी रुसते. रोज चार-पाच तास ऊन नसेल तर शेंडे लांबट आणि फिकट होत उजेडाकडं कलतात.

किडीचं थोडक्यात सांगते. पानामागं कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर पिठ्या ढेकूण, बारीक जाळं दिसलं तर कोळी. हिला आडवी धरून पानांची मागची बाजू पाण्याच्या धारेनं धुवायची, मग साबणाच्या पातळ पाण्याचा हात. आंधी येऊन गेल्यावर धूळही अशीच धुवायची.

आणि हो, पहिल्या मे महिन्यात मान टाकलेली ती तुळस ही नव्हे, हिच्या आधीची. तिचं पुढं काय झालं ते राहिलंच. कुंडी उपडी केली तेव्हा नर्सरीतून आलेला चिकणमातीचा गोळा आतमध्ये जसाच्या तसा होता, दगडासारखा. पाणी त्याच्या बाजूनं वाहून तळाशी साठत होतं, आणि तळाचं भोक उदबत्तीच्या काड्यांनी आणि गाळानं बुजलेलं. मुळं तपकिरी, चिमटीत धरली की साल हातात यायची. ती वाचली नाही. पण वरचे तीन शेंडे अजून हिरवे होते. ते पेराखाली कापून काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवले, खालची पानं काढून. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या मुळ्या फुटल्या, दोऱ्यासारख्या. निम्मी माती, उरलेल्यात वाळू आणि जुनं शेणखत, अशा कुंडीत त्यातला एक लावला. तीच ही, विटेवरची. दुसरा सांगलीला गेला, आईच्या अंगणात, तिथल्या काळ्या मातीत तो हिच्या दुप्पट उंच झाला आहे.

तिसरा भाभीजींकडं आहे. त्यांच्या गॅलरीची आणि आमच्या गॅलरीची भिंत एकच. परवा दुपारी अडीचला भिंतीपलीकडून हाक आली, "सुनो जी, तुलसीजी तो लटक गईं. पानी दे दूँ?"

"उँगली डालकर देखिए पहले."

थोडा वेळ शांतता. मग भिंतीवरून एक हात वर आला, बांगड्या कोपराकडं घसरलेल्या, तर्जनी सरळ उभी. दुसऱ्या पेरापर्यंत ओली माती लागलेली होती.